स्तनाच्या कॅन्सरचा शेक : दिवस कमी झालेत, पण अर्ध्यात सोडू नका

आमच्या भावकीतल्या एका वहिनींचं गेल्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो झाली. त्यानंतर पंधरा दिवसांचं रेडिएशन सांगितलं. आपल्याकडं त्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. नेमकी सोयाबीनची काढणी आली. अकराव्या शेकानंतर छातीची कातडी काळी पडली, आग व्हायला लागली. वहिनी म्हणाल्या, “बास झालं. गाठ तर काढली, आता कशाला जायचं?” दुसऱ्या दिवशी मी सोबत गेलो आणि डॉक्टरांना सगळं विचारून घेतलं. तेच इथं मांडतोय.

गाठ काढल्यावर शेक कशाला?

ऑपरेशननं दिसणारी गाठ निघते. डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी मागं राहू शकतात. शेतातलं गवत वरून कापलं तरी मुळी राहिली की परत फुटतं, तसंच हे. त्या उरलेल्या पेशी मारायला शेक असतो. मध्येच खंड पडला तर त्यांना पुन्हा वाढायला सवड मिळते. म्हणून त्रास झाला तर डॉक्टरांना सांगावं, परस्पर बंद करू नये.

पाच आठवड्यांवरून एका आठवड्यावर

पूर्वी आठवड्यातून पाच दिवस, असे पाच आठवडे पंचवीस शेक घ्यावे लागत. आता बऱ्याच ठिकाणी रोजचा डोस थोडा वाढवून तीन आठवड्यांत पंधरा शेक देतात. ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त रुग्णांवर ‘फास्ट-फॉरवर्ड’ नावाचा अभ्यास झाला. एका आठवड्यात फक्त पाच शेक देऊन पाहिले. २०२० साली पाच वर्षांचा निकाल आला. रोग परत येण्याचं प्रमाण तीन आठवड्यांच्या तुलनेत वाढलेलं दिसलं नाही.

मात्र हे सगळ्यांना चालतंच असं नाही. काखेतल्या गाठींनाही शेक द्यायचा असेल तर बरेच डॉक्टर तीन आठवडेच धरतात. काहींना मूळ गाठीच्या जागी आणखी काही शेक लागतात. पण “मला कमी दिवसांत जमेल का?” हे सुरुवातीलाच विचारायला काहीच हरकत नाही. रोज शंभर किलोमीटर जाऊन येणाऱ्या बाईला हा मोठा फरक आहे.

डाव्या बाजूचा कॅन्सर असेल तर काही ठिकाणी श्वास भरून रोखायला लावतात. छाती फुगली की हृदय शेकाच्या वाटेतून थोडं लांब जातं.

त्रास कोणता होतो?

मशीनखाली दुखत नाही, काही मिनिटांत काम होतं. त्रास नंतर कळतो. कातडी लाल किंवा काळी पडते, खाजते, काखेत आणि स्तनाखाली सालटं निघतात. हे शेक संपल्यावरही आठवडाभर वाढू शकतं, मग काही आठवड्यांत बहुतेक भरून येतं. थकवा येतो. डोक्याचे केस मात्र या शेकानं जात नाहीत.

काही त्रास महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसतात. स्तन घट्ट होतो, खांदा आखडतो, हाताला सूज येते. क्वचित फुफ्फुसाला सूज येऊन कोरडा खोकला, दम लागतो.

आणि एक गैरसमज : मशीनच्या शेकानं बाईच्या अंगात किरणं राहत नाहीत. लेकराला जवळ घ्या, एका ताटात जेवा, काही होत नाही. वहिनींची सून नातवाला त्यांच्याजवळ देत नव्हती. डॉक्टरांनी सांगितल्यावर तिचं मन निवळलं.

घरी काय सांभाळायचं?

- कोमट पाणी, साधा साबण. चोळू नका, टिपून घ्या. अंगावर केलेल्या खुणा पुसू नका.
- हळद, लेप, बाम, तेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. गरम पिशवी, बर्फ नको.
- सुती, ढगळ ब्लाऊज घाला. उन्हात ती जागा झाकून ठेवा.
- सांगितलेला खांद्याचा व्यायाम रोज करा.
- काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला विळा, काटा लागू देऊ नका. फवारणीचा पंप त्या खांद्यावर नको.
- पाणी सुटलेली जखम, ताप, दम किंवा हाताची अचानक सूज दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खर्चासाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. एसटी आणि रेल्वेतही कॅन्सर रुग्णांना सवलत आहे. त्यासाठी दवाखान्याचं प्रमाणपत्र घ्या.

वहिनींनी राहिलेले चारही शेक घेतले. काढणी आम्ही भावकीनं मिळून उरकली. महिन्याभरात कातडी भरून आली. कुणाच्या घरी अशी बाई असेल तर तिला नुसतं “धीर धर” म्हणू नका. तिच्या वाटचं काम उचला आणि सोबत जा.