टॅबला कीबोर्ड जोडताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दहावीनंतर जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना नागपूरची महाज्योती ही संस्था मोफत टॅब देते, सोबत रोजचा ६ जीबी डेटाही. मोहाडी तालुक्यातल्या करडीसारख्या गावात, ज्या घरी कधी संगणक आला नाही, तिथेही असा टॅब पोचू शकतो. व्हिडिओ पाहायला तो उत्तम. पण नोट्स, अर्ज, दोन-चार पानी मजकूर काचेवर बोटाने लिहायचा म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. साधा कीबोर्ड जोडला की काम सोपं होतं, पण ऐकीव समजुती आड येतात.

गैरसमज : टॅबच्याच कंपनीचा कीबोर्ड लागतो.
वस्तुस्थिती : संगणकाचा यूएसबी कीबोर्डही बहुतेक टॅबला चालतो. त्यासाठी मोबाइलच्या दुकानात मिळणारा ओटीजी नावाचा छोटा जोड लागतो. घेताना टॅबचं छिद्र टाइप-सी आहे की जुनं मायक्रो यूएसबी, ते पाहा. एरवी टॅब त्या छिद्रातून वीज घेतो. ओटीजी लावला की आता वीज आपण द्यायची आहे, हे त्याला कळतं. काही कंपन्यांच्या टॅबमध्ये ओटीजी सेटिंगमधून सुरू करावा लागतो. ते केलं नाही की लोक कीबोर्डलाच खराब ठरवतात.

गैरसमज : कीबोर्डमुळे बॅटरी झपाट्याने उतरते.
वस्तुस्थिती : साधा कीबोर्ड फारच थोडी वीज घेतो. रंगीत दिवे लावलेला मात्र जास्त घेतो. खरी अडचण वेगळी आहे : छिद्र एकच असेल तर कीबोर्ड लावल्यावर चार्जिंग होत नाही. म्हणून आधी टॅब पूर्ण चार्ज करावा.

गैरसमज : वायरलेस म्हणजे ब्लूटूथ, आणि त्याला नेट लागतं.
वस्तुस्थिती : दोन्ही चूक. काही वायरलेस कीबोर्डसोबत बोटाच्या पेराएवढा रिसीव्हर येतो. तो टॅबला लावायचा तर पुन्हा ओटीजी आलाच. ब्लूटूथ कीबोर्डला काहीच खोचावं लागत नाही. एकदा पेअर करायचा; स्क्रीनवर आकडे आले तर ते कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबायचं. गावात रेंज नसली, डेटा संपला, तरी तो चालतो.

गैरसमज : मराठीसाठी मराठी अक्षरं छापलेलाच कीबोर्ड हवा.
वस्तुस्थिती : कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. तो फक्त कोणती कळ दाबली त्याचा क्रमांक पाठवतो. त्या कळीचं अक्षर कोणतं, हे टॅब ठरवतो. भारतीय मानक आयएस १३१९४ मध्ये १९९१ साली नोंदलेला इन्स्क्रिप्ट लेआउट, म्हणजे कळांवरची अक्षरांची मांडणी, निवडा आणि इंग्रजी कळांवर के, जे, उघडता चौकटी कंस आणि आर ओळीने दाबा. स्क्रीनवर ‘करडी’ उमटतं. यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. हात बसला की खाली पाहावं लागत नाही. लेआउट सेटिंगमधल्या ‘फिजिकल कीबोर्ड’मध्ये शोधा. प्रत्येक टॅबमध्ये मराठी असेलच असं नाही. नसेल तर बाहेरच्या कीबोर्डला मराठीची सोय देणारं ॲप टाका.

गैरसमज : स्क्रीनवरचा कीबोर्ड गायब झाला, म्हणजे टॅब बिघडला.
वस्तुस्थिती : बाहेरचा कीबोर्ड ओळखला गेला की टॅब आतला लपवतो. हे जोडणी जमल्याचं लक्षण आहे. दोन्ही हवे असतील तर तीही सेटिंग ‘फिजिकल कीबोर्ड’मध्येच असते.

गैरसमज : टॅबवरचा टायपिंगचा सराव नोकरीच्या कामाचा नाही.
वस्तुस्थिती : राज्यातल्या लिपिकाच्या भरतीत मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टंकलेखनाचं प्रमाणपत्र मागतात. त्याची परीक्षा संगणकावर होते, पण बोटांना वळण कीबोर्डवरच लागतं, मग समोर टॅब असो की संगणक. अट एकच : परीक्षेला जो लेआउट असेल, त्यावरच सराव करा. दोन लेआउटची सरमिसळ झाली की वेग अडतो.

म्हणून नवा कीबोर्ड विकत घेण्याआधी एखाद्या बंद पडलेल्या संगणकाचा यूएसबी कीबोर्ड मागून आणा आणि ओटीजीने जोडून पाहा. पोरांच्या हातात टॅब आला आहे, त्यावर त्यांना नुसतं पाहू देऊ नका. दहाही बोटांनी मराठी लिहायला शिकवा.