मरळीची पिल्ले दिसली तर गळ आवरा

मृगाचा पाऊस पडून बोड्या भरू लागल्या की नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीकडे पोराटोरांचेही गळ बाहेर निघतात. गळाला गांडूळ नाही तर लहान बेडकी लावायची अन् काठच्या गवताशी सोडायची. मरळ हवा घ्यायला वर येते. जिथे पाणी 'बुळुक' करते, तिथे ती आहे असे समजावे.

पण पावसाळ्यात जरा सबुरीने घ्या. हाच मरळीच्या विणीचा काळ. पाण्यावर तांबूस पिल्लांचा झुबका दिसला तर खाली आईबाप राखणीला असतात. झुबक्याजवळ गळ टाकला की ते चवताळून येतात अन् सापडतात. मात्र ते गेले की पिल्लांना राखणदार उरत नाही, दुसरे मासे ती गिळतात. एका सांजेच्या कालवणापायी पुढच्या सालचा मासा जातो.

रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांची बोटुकली विकत आणून सोडावी लागते. मरळ, मांगूर, शिंगी मात्र तलावातच वाढणारी, बिनपैशाची दौलत.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. त्यांनाच आपण मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. आज बऱ्याच तलावांचा ठेका ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थांकडे असतो. तेव्हा आधी संस्थेला विचारा. पाण्यात विष कालवणे, सुरुंग उडवणे हा तर गुन्हाच.

अन् आपला भाग वाघाचा. काठावर एकट्याने वाकून बसू नका, दिवस बुडायच्या आत घर गाठा. मासा उद्याही मिळेल.