मोटारीचे कीपॅड कुलूप

मोटारीचे कीपॅड कुलूप म्हणजे चावी न लावता, दारावरील बटणांवर ठरावीक अंक दाबून वाहन उघडण्याची सोय होय. ती प्रामुख्याने अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या वाहनांत आढळते. कंपनीने १९८० सालच्या थंडरबर्ड व लिंकनसारख्या गाड्यांत ती प्रथम आणली. पुढे तिला 'सिक्युरिकोड' हे नाव मिळाले.

रचना

चालकाच्या दारावर १-२, ३-४, ५-६, ७-८ आणि ९-० अशी पाच बटणे असतात. संकेतांक पाच अंकी असला, तरी एका बटणावरील दोन्ही अंक यंत्रणेला सारखेच असतात. म्हणून १३५७९ आणि २४६८० यांत तिला फरक कळत नाही, आणि एक लाखाऐवजी केवळ ३,१२५ जुळण्या शक्य होतात. ही उणीव भरून काढण्यासाठी अलीकडच्या गाड्यांत सात वेळा चुकीचा संकेतांक दाबल्यास कीपॅड एक मिनिट बंद पडतो.

मूळ संकेतांक

प्रत्येक गाडीला कारखान्यातच एक मूळ संकेतांक दिला जातो. तो माहितीपुस्तिकेसोबत मिळणाऱ्या छोट्या कार्डावर छापलेला असतो. कार्ड हरवल्यास गाडीतील नियंत्रण संचावरच्या चिठ्ठीवर तो सापडू शकतो. मात्र या संचाची जागा प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते. अन्यथा अधिकृत विक्रेता निदान-संगणकाद्वारे तो वाचून देतो. काही नव्या मॉडेलांत दोन्ही चाव्या गाडीत असल्यास तो पडद्यावरही पाहता येतो.

वैयक्तिक संकेतांक

सर्वसाधारण पद्धतीत प्रथम मूळ संकेतांक दाबावा, पाच सेकंदांच्या आत १-२ बटण दाबावे आणि लगेच स्वतःचे पाच अंक द्यावेत. दारांची कुलपे एकदा लागून उघडली, की नोंद झाली असे समजावे. संकेतांक दिल्यावर चालकाचे दार उघडते. त्यानंतर पाच सेकंदांत ३-४ दाबल्यास सर्व दारे उघडतात. ७-८ व ९-० एकत्र दाबल्यास गाडी बंद होते.

वैयक्तिक संकेतांक नोंदवल्याने मूळ संकेतांक रद्द होत नाही, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. गाडी विकल्यानंतरही आधीच्या मालकाला तो ठाऊक असतो. जुनी गाडी घेणाऱ्याने मूळ संकेतांकाचे कार्ड मागून घ्यावे आणि आधीच्या मालकाने नोंदवलेले वैयक्तिक संकेतांक पुसून टाकावेत. तरीही मूळ संकेतांक कायमच राहतो, म्हणून मौल्यवान वस्तू गाडीत ठेवू नयेत.

भारतातील स्थिती

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील मोटार उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. त्याआधीही ही सोय येथे रूढ झाली नव्हती. वाशीम जिल्ह्यात (वाहन नोंदणी एमएच-३७) दिसणाऱ्या बहुतेक मोटारी साध्या चावीने, रिमोटने किंवा स्मार्ट चावीने उघडतात. रिमोटची बॅटरी संपल्यास स्मार्ट चावीच्या आत दडवलेले धातूचे पाते दाराच्या कुलपात चालते.

चावी आत राहून दारे बंद होणे, ही अडचण मात्र कीपॅड नसलेल्या गाडीत अधिक गंभीर ठरते. विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि उभ्या बंद गाडीत ते आणखी झपाट्याने वाढते. आत मूल अडकले असल्यास दुसरी चावी येण्याची वाट न पाहता, मुलापासून दूरची काच फोडणे योग्य समजले जाते. एरवी घरी ठेवलेली दुसरी चावी हाच सोपा उपाय आहे. ती जपण्याचे आणखी एक कारण म्हणजे, मोटार चोरीला गेल्यास विमा कंपन्या दाव्यासोबत सहसा सर्व मूळ चाव्या मागतात.