गुलाबी, पण बेतानं!

जयपूरला ‘गुलाबी शहर’ म्हणतात खरं, पण १८७६ मध्ये वेल्सच्या युवराजांच्या स्वागतासाठी दिलेला तो रंग जवळून पाहा, गेरूकडे झुकणारा आहे. गव्हाळ, सावळ्या गालांवरही अशीच विटकरी झाक खुलते. फिकट गुलाबी ब्लशर राखाडी दिसतो.

तिथे दिवसाच्या लग्नाला निघालात? मग खोलीतल्या पिवळ्या दिव्याखाली ब्लशर लावू नका. रंग कमीच वाटतो, हात वाढत जातो आणि उन्हात आलं की वऱ्हाड नवरीऐवजी तुमच्याच गालांकडे बघतं! आरसा खिडकीपाशी न्या. ब्रश झटकून घ्या, किंचित हसा आणि गालाच्या उंचवट्यावरून कानशिलाकडे हलकेच फिरवा. जास्त झालाच तर चोळून पुसू नका, वरून थोडी पावडर लावा.