बॅटीवरील छाप आणि पोत्यावरील छाप

संपादक मंडळाच्या आज्ञेवरून आम्ही या स्मरणिकेत कधी तुरीच्या आवकेवर, तर कधी बारदानाच्या टंचाईवर चार ओळी लिहीत आलो आहोत. यंदा वाचक बंधु-भगिनींची क्षमा मागून क्रिकेटच्या बॅटीवर लिहीत आहोत. धान्याच्या आडत्याचा आणि बॅटीचा संबंध काय, असे कोणीही विचारील. हा संबंध आमच्या नातवाने जोडून दिला.

गेल्या दिवाळीत बारा वर्षांच्या या चिरंजीवांनी हट्ट धरला की आपणांस बॅट हवी, आणि ती अमुकच छापाची हवी. छाप न सांगता नुसती बॅट मागितली असती तर मोहगावच्या सुताराकडून किंवा सौसरच्या बाजारातून आम्ही ती सहज आणून दिली असती. परंतु दूरदर्शनच्या पडद्यावर ज्या खेळाडूस तो देव मानतो, त्याच्या बॅटीवर तांबड्या अक्षरांत जे नाव असते तेच नाव त्यास हवे होते. आम्ही त्यास घेऊन नागपुरास गेलो. दुकानदाराने २८०० रुपये घेतले आणि बॅट कापडी पिशवीत घालून दिली. तीन आठवड्यांनी बॅटीचा टोकाकडील भाग चिरला. त्याबरोबर कागदी छापही एका कोपऱ्यातून सुटली. मुलाने ती ओढली, तो खाली दुसऱ्याच एका नावाचा जुना ठसा दिसला. मुलगा रडला नाही. त्याने एवढेच विचारले, "आजोबा, मग ही बॅट कोणाची?"

दुकानाचे नाव आम्ही येथे देत नाही. वांदा घालून पैसे परत मिळाले असते किंवा नसते. मात्र या प्रश्नाने आमची झोप काही दिवस उडाली, आणि त्यापायी बॅटीच्या व्यापाराची जी माहिती आम्ही जमविली ती व्यापारी बंधूंसही मनोरंजक वाटेल, अशी आशा आहे.

आमच्या भागाला या विषयात परके मानू नये. १९५६ पूर्वी आमचा मुलूख ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर, आणि त्या नागपुरातच ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म झाला. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. च्या संघाविरुद्ध त्यांनी १५३ धावा काढल्या; त्यांत अकरा षटकार होते. पाहुण्यांनी प्रसन्न होऊन त्यांना चांदीची बॅट भेट दिली. १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. याच नायडूंनी १९४१ साली बाथगेट कंपनीच्या यकृताच्या औषधाच्या जाहिरातीस आपले नाव दिले, आणि व्यापारी मालास नाव देणारे ते पहिले भारतीय क्रिकेटपटू मानले जातात. म्हणजे खेळाडूचे नाव आणि बाजाराचा माल यांची गाठ प्रथम आमच्याच शेजारच्या माणसाने बांधली. तथापि ते नाव औषधाच्या बाटलीवर होते, बॅटीवर नव्हते.

बॅटीवर खेळाडूचे नाव घालण्याची चाल मात्र विलायतेत तेव्हाही रूढ होती. यॉर्कशायरच्या साइक्स कंपनीच्या बॅटीवर डॉन ब्रॅडमन यांची स्वाक्षरी असे. तेथे खेळाडूचे नाव कारागिराच्या मालास वजन देत असे. आज गंगा उलटी वाहते. खेळाडूच्या बॅटीस परक्या व्यापाऱ्याचे नाव लागते. हा पालट कसा झाला ते सांगण्यापूर्वी बॅट होते कशी, हे सांगितले पाहिजे, कारण खरी गंमत तेथेच आहे.

उत्तम बॅट ज्या झाडाची होते त्यास विलो म्हणतात. आपल्याकडे नदीकाठी वाढणारा वाळुंज त्याच कुळातला. पण बॅटीस तो चालत नाही. इंग्लंडचा विलो सर्वांत मोलाचा, आणि आपल्या देशात काश्मीरच्या अनंतनागकडील विलो त्याखालोखाल. खोडाचे तुकडे लांबीस फाडून ते महिनोन्महिने वाळवितात. मग यंत्राखाली दाबतात, कारण हे लाकूड मूळचे मऊ असते आणि न दाबलेली फळी चेंडूच्या पहिल्याच माऱ्याला खचते. वेताची मूठ पाचरीसारखी कापून फळीत बसवितात, सरसाने जोडतात आणि दोऱ्याने आवळतात. पुढे रंधा आणि दुहेरी मुठीची सुरी घेऊन कारागीर बसतो. दर्शनी भागावरील उभ्या रेषा सरळ आणि एकसारख्या असल्या की भाव चढतो. आम्ही परखीने पोत्यातला गहू काढून तळहातावर पाहतो, त्याच नजरेने हे लोक त्या रेषा पाहतात. तयार बॅटीस जवसाचे तेल पाजावे लागते आणि लाकडी हातोडीने तासन् तास ठोकावे लागते. जवस आम्ही आयुष्यभर विकले, पण त्याचे तेल या कामी येते हे आम्हांस साठी उलटल्यावर कळले.

मोठ्या खेळाडूची बॅट दुकानातून येत नाही. अंगरखा शिवून घ्यावा तशी ती मापाने करून घेतात. मूठ गोल की किंचित लांबट, फळीस बाक किती, जाड भाग वर की खाली, कारण चेंडू जेथे लागला असता हातास झिणझिण्या येत नाहीत ती जागा ज्याच्या त्याच्या खेळाप्रमाणे वेगळी असते. वजनाचा हिशेब तर औंसाऔंसाचा. ब्रॅडमन यांची बॅट दोन पौंड दोन औंसांच्या आसपास होती. सचिन तेंडुलकर यांची तीन पौंडांहून अधिक. नियम सर्वांस एकच आहे. रुंदी सव्वाचार इंच आणि लांबी ३८ इंच यांपलीकडे जाता येत नाही, आणि २०१७ पासून कडेची जाडी ४० मिलिमीटर व एकूण जाडी ६७ मिलिमीटर एवढीच ठेवली आहे. रुंदीच्या नियमामागची कथा मौजेची आहे. १७७१ साली इंग्लंडात थॉमस व्हाइट नावाचा गृहस्थ यष्टींएवढी रुंद बॅट घेऊन उभा राहिला, तेव्हा प्रतिपक्षाला जाग आली. मापात पाप करणारा आमच्याच धंद्यात असतो असे नाही!

हा धंदा आपल्याकडे मुख्यत्वे मीरत आणि जालंदर येथे चालतो. फाळणीपूर्वी त्याचे माहेर सियालकोट होते. आज मीरतेत असलेली सॅन्सपॅरिल्स ग्रीनलँड्स ही पेढी, जिला सारे एस. जी. म्हणतात, १९३१ साली सियालकोटातच निघाली. घरदार सोडून आलेल्या या मंडळींनी हत्यारे आणि हातातली कला एवढ्या भांडवलावर नवा बाजार उभा केला. व्यापारी म्हणून आम्हांस या गोष्टीचे कौतुक कोणत्याही शतकाहून अधिक वाटते.

शतकावरून आठवले. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी, म्हणजे नायडूंच्या जन्मदिवशीच, आम्ही सौसरहून छोट्या रेल्वेने नागपुरास गेलो होतो. विश्वचषकाचा न्यूझीलंडविरुद्ध सामना होता. चेतन शर्मांनी तीन चेंडूंवर तीन बळी घेतले आणि मग अंगात ताप असताना सुनील गावसकर यांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यांतले त्यांचे हे एकुलते एक शतक. आम्ही स्वस्त तिकिटाच्या जागी उन्हात बसलो होतो. तेथून गावसकर हे गावसकर आहेत एवढेच दिसत होते. बॅटीवर कोणाची छाप आहे हे दिसणे शक्य नव्हते, आणि ती पाहावी असे कोणाच्या मनातही आले नाही. दूरचित्रवाणीने ही जागा मौल्यवान केली. फलंदाज पवित्रा घेऊन उभा राहिला की बॅटीचे तोंड कोट्यवधी घरांत जाते. गावच्या वेशीवरील फलकाहून ही वीतभर जागा महाग होणार, हे ओळखण्यास मॅट्रिकपेक्षा अधिक शिक्षण लागत नाही.

१९९६ च्या विश्वचषकात तेंडुलकर यांनी सर्वांहून अधिक, ५२३ धावा काढल्या, आणि त्या स्पर्धेत त्यांची बॅट कोरी होती. तिच्यावर कोणाचेच नाव नव्हते. ती कोरी जागा मद्रासच्या एका कंपनीने घेतली. मद्रास रबर फॅक्टरी, अर्थात एम. आर. एफ., ही मम्मेन माप्पिळ्ळै यांनी १९४६ साली मुलांचे रबरी फुगे करण्यासाठी काढलेली छोटी पेढी. पुढे ती टायरांत शिरली आणि तेंडुलकर, लारा, स्टीव्ह वॉ यांच्या बॅटीवर विराजमान झाली. २०१७ साली विराट कोहली यांच्याशी तिने आठ वर्षांचा करार केला. त्याची रक्कम सुमारे १०० कोटी असल्याचे वृत्तपत्रांत आले होते. आता टायरचा कारखाना विलो तासत बसत नाही, हे शहाण्यास सांगणे नको. अनेक नामवंतांच्या बाबतीत बॅट घडविणारा एक आणि छाप दुसऱ्याची, ही गोष्ट त्या धंद्यात कोणी लपवीतही नाही.

येथे आम्हांस आमचीच एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे.

आमच्या पेढीचा पत्र्याचा ठसा आजोबांच्या वेळचा. निळ्या शाईने तो पोत्यावर उमटविला की नागपूरचा व्यापारी परखी न लावता माल उतरवून घेई. १९८४ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे दोनशे पोती तुरीची मागणी आली आणि कोठारात दीडशेच होती. वडील यात्रेस गेले होते. आम्ही तरुण, गादीवर नवे. शेजारच्या बाजारातून पन्नास पोती घेतली, वर आमचा ठसा मारला आणि पाठवून दिली. माल वाईट नव्हता, हे आजही शपथेवर सांगतो. वडील परत आले. मागे राहिलेल्या दोन पोत्यांच्या तोंडाची शिवण पाहून ते म्हणाले, "हा टाका आपल्या हमालाचा नाही." त्यांनी आमच्याच हातून घेणाऱ्यास पत्र लिहविले. उत्तर आले की माल उत्तम आहे, काही वांदा नाही. आम्हांस वाटले, प्रकरण मिटले. वडिलांनी ठसा उचलून कपाटात ठेवला, आणि त्या हंगामात आमची सर्व पोती कोरी गेली. क्विंटलमागे भाव कमी मिळाला. त्याबद्दल ते आम्हांस एक शब्दही बोलले नाहीत, आणि त्याचाच आम्हांस अधिक त्रास झाला.

मग टायरवाल्याने केले ते आणि आम्ही केले ते एकच की काय? पुष्कळ विचार करून आमचे मत असे झाले की एक नव्हे. खेळाडू स्वतः जाणून असतो की बॅट कोणी घडविली. त्याच्या हाती माप, वजन, रेषा सारे तपासलेले असते. पाहणाऱ्यासही ती जाहिरातच आहे हे ठाऊक असते. फसतो तो दुकानात उभा असलेला बारा वर्षांचा मुलगा. त्याला वाटते की छापेबरोबर ती बॅटही आली. आमच्या तुरीच्या गिऱ्हाइकाने आमच्या नजरेचे पैसे दिले होते, आणि आम्ही त्या पन्नास पोत्यांवर नजरच टाकली नव्हती. मालाचा चांगुलपणा तेथे गैरलागू होता.

छाप विकणाऱ्या खेळाडूसही कधी चटका बसतो. तेंडुलकर यांनी २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या स्पार्टन कंपनीविरुद्ध, आपले नाव वापरून ठरलेला मोबदला दिला नाही, म्हणून दावा लावला. २०२० साली कंपनीने क्षमा मागून तडजोड केली. उलट महेंद्रसिंह धोनी यांची रीत आम्हांस फार आवडली. २०१९ च्या विश्वचषकात त्यांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या छापा लावल्या, आणि त्यांच्या व्यवस्थापकांच्या सांगण्याप्रमाणे एक पैसाही घेतला नाही. उमेदीच्या दिवसांत ज्या पेढ्यांनी साहित्य पुरविले त्यांचे ऋण त्यांनी असे फेडले, जालंदरची बी. ए. एस. ही त्यांतली एक. २०२४ साली तर त्यांच्या बॅटीवर रांचीतील बालमित्राच्या दुकानाचे नाव झळकले. जी जागा कोट्यवधींना विकता आली असती ती मित्रास देणे, हे पत ओळखणाऱ्याचेच काम.

मात्र बॅट तासणाऱ्याचे नाव कोणत्याच छापेत नसते, ही बोच राहते. मुंबईचे अश्रफ चौधरी यांना लोक बॅटीचे डॉक्टर म्हणत. मोठमोठ्या खेळाडूंच्या बॅटी त्यांनी दुरुस्त केल्या. २०२० साली ते आजारी पडले आणि पैशांची ओढ पडली, तेव्हा तेंडुलकर मदतीस धावले. त्या निमित्ताने त्यांचे नाव आमच्यासारख्यांना वर्तमानपत्रांतून कळले.

आता नातवाचे. चिरलेल्या बॅटीस त्याने स्वतः सरस लावला, दोरा गुंडाळला, दोन्ही छापा खरवडून काढल्या आणि कोठीतल्या जवसाच्या तेलाने ती पुसली. कोऱ्या बॅटीने तो गल्लीत खेळतो, आणि बरा खेळतो असे त्याचे सवंगडी सांगतात. मागच्या आठवड्यात कपाट उघडे दिसले तेव्हा पत्र्याचा ठसा हाती घेऊन त्याने विचारले, "आजोबा, हा मारू का?" आम्ही म्हटले, ही बॅट आपण घडविलेली नाही. तो म्हणाला, दुरुस्त तर आपणच केली आहे. यावर आम्हांस लगेच उत्तर सुचले नाही. शाईची बाटली सुकली आहे, नवी आणावी लागेल, एवढे मात्र आम्ही त्यास सांगितले आहे.