न जोडलेल्या कांड्यांची गोष्ट

जर्मनीत कार्लस्रूए गावी हाइनरिख हर्ट्झ नावाचे एक तरुण प्राध्यापक होते. 1887 च्या सुमारास त्यांनी खोलीत अंधार करून एक प्रयोग मांडला. एका बाजूला मधोमध तोडलेली तार. तिच्या फटीत विजेची ठिणगी पाडायची. काही अंतरावर तारेचं एक कडं, त्यालाही बारीकशी फट. दोघांना जोडणारं काहीच नाही. तरी इकडे ठिणगी पडली की तिकडच्या फटीतही इवलीशी ठिणगी चमकायची!

ती आली कुठून? तारेत वीज मागेपुढे धावली की लहर उठते आणि प्रकाशाच्या वेगानं पसरते. वाटेत दुसरी तार भेटली, की तिच्यातली वीजही ती हलवते. मात्र लांबी जुळायला हवी. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो चढतो, तसंच हे. लहरीच्या साधारण निम्म्या लांबीची सरळ कांडी सगळ्यांत जास्त डोलते. एफएमवरची 100 मेगाहर्ट्झची लहर 3 मीटरची, म्हणून तिची कांडी दीड मीटरच्या आसपास.

आता जपानात चला, सेंदाईला. तिथल्या विद्यापीठात हिदेत्सुगु यागी प्राध्यापक आणि शिंतारो उदा त्यांचे सहकारी. उदांनी एका कांडीला वीज दिली आणि तिच्या पुढे-मागे नुसत्याच कांड्या उभ्या केल्या. कशालाही न जोडलेल्या! मागची थोडी लांब, पुढच्या थोड्या आखूड. लांब कांडीतली वीज जरा रेंगाळते, आखूड कांडीतली जरा घाई करते. त्यामुळे सगळ्यांच्या लहरी पुढच्या दिशेला एकमेकींत मिळून बळावतात आणि मागे एकमेकींना पुसून टाकतात. किती सुंदर युक्ती! जास्तीची वीज नाही, यंत्र नाही, फक्त मापं अचूक. घराघरांच्या छपरांवर टीव्हीचे जे अँटेना असायचे, ते याच घराण्यातले.

हे काम 1926 मध्ये छापून आलं. यागींनी 1928 मध्ये ते इंग्रजीतही मांडलं. जपानी लष्कराला मात्र त्याचं मोल कळलं नाही. 1942 मध्ये जपान्यांनी सिंगापूर घेतलं, तेव्हा एका ब्रिटिश रडार-सैनिकाची वही त्यांच्या हाती लागली. तिच्यात जागोजागी ‘यागी’ हा शब्द. अर्थ कुणालाच लागेना. शेवटी कैदेत असलेल्या त्या सैनिकालाच विचारलं, तर तोच चकित झाला. म्हणाला, हे तर तुमच्याच प्राध्यापकांचं नाव!

असं अँटेनाला यागींचंच नाव चिकटलं. तरी मला वाटतं, कांड्या मोजून, कापून, पुन्हा मोजणाऱ्या उदांचं नावही तितक्याच ठळकपणे घ्यावं. म्हणून तुम्ही यागी-उदा अँटेना असं पूर्ण नाव घ्यायचं.