सात वाजताचा भोंगा

संध्याकाळचे सात. देवळावरचा भोंगा वाजला, तशी मोहित्यांच्या वडगावात घराघरांतले टीव्ही बंद झाले, मोबाइल बाजूला ठेवले गेले आणि मुलांनी दप्तरं उघडली. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंतचा दीड तास गावाने पोरांच्या अभ्यासासाठी राखून ठेवला होता.

ही २०२२ सालची गोष्ट. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातलं हे सुमारे तीन हजार वस्तीचं गाव. माणसं शेती करणारी, नाहीतर साखर कारखान्यात कामाला जाणारी. कोरोनात शाळा बंद पडल्या, शिकवणं ऑनलाइन झालं आणि घरातला मोबाइल मुलांच्या हाती आला. शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा शिक्षकांच्या लक्षात आलं, की लिहिण्यावाचण्याची सवयच मोडली आहे. शाळेला येण्याआधी मोबाइल, शाळा सुटल्यावर मोबाइल. त्यात बहुतेक घरांत अभ्यासाला वेगळी खोली नाही. आई मालिका बघतेय, वडील मोबाइलवर आहेत आणि त्याच खोलीत कोपऱ्यात बसलेल्या मुलाने पाढे पाठ करायचे, हे कसं जमावं?

सरपंच विजय मोहिते यांच्या ग्रामपंचायतीपुढे हा विषय आला, तेव्हा पुरुषांनी तो हसण्यावारी नेला. मग गावातल्या बायकांना एकत्र बोलावलं. मालिकांचं आपल्याला वेड लागत चाललंय, हातातला मोबाइलही सुटत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं आणि बंद ठेवायचं तर सगळ्या गावानेच ठेवायचं, असं मत दिलं. १४ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, गावाचा निर्णय झाला. पण नुसत्या ठरावाने कुठलं गाव बदलतं? सुरुवातीला ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा आणि अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. भोंगा झालाय, टीव्ही बंद करा, असं दारात उभं राहून सांगत राहिले.

देशभर या गावाची बातमी झाली ती ‘मोबाइलबंदी’ म्हणून. मुलांना धाक घालायच्या आधी थोरांनी स्वतःला नियम घालून घेतला, ही त्यातली खरी मोलाची गोष्ट त्या मथळ्यात हरवली. शाळा सुटली की पुढचा वेळ घराचा आणि गावाचा असतो. ज्यांना परवडतं ते शिकवणीचे पैसे भरून त्याची सोय करतात. बाकीच्या मुलांसाठी कुणीतरी आपला वेळ काढावा लागतो.

या मुलखात असं करणारी माणसं पूर्वीही होती. (सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला, त्याआधी वडगावचा हा भाग साताऱ्यातच होता.) कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. आज तिची ओळख शाळा-महाविद्यालयांची संस्था अशी आहे, पण १९२४ मध्ये साताऱ्यात उभं राहिलं ते आधी वसतिगृह. वर्ग आणि मास्तर शहरात होते. खेड्यातल्या गरीब पोराला नव्हती ती राहायची जागा, दोन वेळचं जेवण आणि अभ्यासाची शिस्त. वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत, स्वयंपाक आणि कष्टाची कामं स्वतः करत. कोठार रिकामं झालं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून या मुलांना जेवू घातलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

सातारा जिल्ह्यातल्याच फलटणची गोष्ट याहून अलीकडची. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकेतल्या. फलटणच्या मराठी बोलीचा अभ्यास करून त्यांनी भाषाशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पुढे भारताचं नागरिकत्व घेतलं आणि गावाच्या ‘मॅक्सीन मावशी’ झाल्या. झोपडपट्टीतली मुलं शाळेपासून तुटत होती, अक्षरओळखीपाशीच अडखळत होती. मावशींनी त्यांच्यासाठी वस्तीतच वर्ग घ्यायला सुरुवात केली. त्या कामातून १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि दोन वर्षांनी कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. वस्तीत शिकवताना कळलेलं वर्गात आणायचं, ही दिशा फार थोड्या शाळांनी धरली.

महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार तर सगळ्यांना ठाऊक आहे. ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ आहे. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावात लोकांनी आपल्या घरांचे भाग पुस्तकांसाठी मोकळे करून दिले. पुढे सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचीही याच योजनेत निवड झाली. पर्यटक तिथे येतील आणि जातील. पण शाळेतून परतताना शेजारच्या काकूंच्या पडवीत गोष्टीचं पुस्तक हाती लागणं, हे त्या गावातल्या मुलाचं खरं भाग्य.

एक जागा मात्र अजून अंधारात आहे. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत येतात. उसाच्या फडाजवळ त्यांच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, पडतात. आईबाप पहाटे कोयता घेऊन निघतात आणि थोरली पोर धाकट्याला सांभाळत मागे राहते. या मुलांसाठी हंगामापुरत्या साखरशाळा निघाल्या. जवळच्या शाळेनेच त्यांना दाखल करून घ्यावं, असा नियमही आला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. पण चार-पाच महिन्यांपुरती येऊन फड बदलत राहणारी आई त्या समितीत कशी बसणार? तिच्या मुलाची बाजू गावातल्या पालकांनाच मांडावी लागेल.

कोप्यांत अभ्यासाला खोली तर सोडाच, उजेडही पुरेसा नसतो. वडगावात घरोघर फिरले तसे कुणी निवृत्त गुरुजी, कुणी अंगणवाडीताई दिवेलागणीला तिकडेही गेल्या, एक कंदील आणि चार पाट्या घेऊन तासभर बसल्या, तर त्या मुलांचा हंगाम कोरा जाणार नाही. मार्चमध्ये गावी परतल्यावर वर्गात त्यांना पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही.